प्रस्थानाची पिशवी

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून म्युनिकला गाडीनं जायचं ठरलं, तेव्हा मी आईला एकच गोष्ट बजावली होती. पासपोर्ट इकडेतिकडे ठेवू नकोस. जर्मनीच्या हद्दीवर हल्ली पोलीस गाड्या अडवतात आणि आई माझ्याकडे पाहुणी म्हणून व्हिसावर आलेली. तिनं मान डोलावली. आई मान डोलावते तेव्हा ती ऐकत नसते, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

घाई ताईसाठी होती. ताई म्युनिकला एकटी राहते. तिच्या छातीत गाठ निघाली होती, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. "तुम्ही यायची काही गरज नाही," असं ती फोनवर इतक्या वेळा म्हणाली की गरज आहे हे आम्हाला कळलं. आईचा कान वाहत होता, डॉक्टरीणबाईंनी विमानाला सक्त मनाई केलेली. गाड्या बदलत रेल्वेनं जाणं तिच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. म्हणून मी रजा टाकली, जर्मन शहरांत लागतो तो हिरवा स्टिकर काचेवर चिकटवला, कुठे चहा, कुठे बाथरूम, सगळं आखलं. बुधवारी सकाळी निघायचं आणि संध्याकाळी भेटीची वेळ संपायच्या आत ताईसमोर उभं राहायचं. आत नेण्याआधी तिला आई दिसली पाहिजे, बस. बाकी जग गेलं खड्ड्यात.

मंगळवारी आईनं पुण्याहून आणलेलं कॅलेंडर उघडलं. "उद्या अमावस्या लागतेय."

"मग ऑपरेशन पुढे ढकलायला सांगू का?" मी तडकले.

"तसं कुठे म्हणतेय? आज प्रस्थान ठेवते."

वाईट दिवस टाळता येत नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी सुपारी-तांदूळ घातलेली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशी सुरू झाला. ही आमच्याकडची जुनी पळवाट. मी म्हटलं, ठेव बाई, काय ठेवायचं ते.

आमचा डच शेजारी ट्रक चालवतो, फुलं घेऊन जर्मनीला जातो. आई त्याला भाऊ म्हणते आणि तो तिच्या हातचे पोहे खातो. तिनं पिशवी नेऊन दिली तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते.

बुधवारी सकाळी पिशवी आणायला गेले तर दाराला कुलूप, ट्रक गायब. तेवढ्यात त्याचा मेसेज आला: आईची पिशवी सुखरूप आहे, मी हद्द ओलांडली, कुठे देऊ?

मी फोन केला. तो बिचारा गोंधळला. "ती म्हणाली, बॅग फर्स्ट, आय टुमॉरो, जर्मनी. मला वाटलं, तुमच्या गाडीत जागा नाही."

मी आईकडे वळले. "पासपोर्ट कुठंय?"

"पिशवीतच. तूच म्हणालीस ना, इकडेतिकडे ठेवू नकोस."

हद्दीजवळच्या व्हेन्लोपर्यंत मी तोंडाला येईल ते बोलत होते. इकडे यायला विमानात बसताना बघितली होतीस का अमावस्या? तिकडे ताई वाट बघतेय आणि इथे तुझ्या सुपाऱ्या! आई खिडकीबाहेर बघत होती. "बोलून घे," एवढंच म्हणाली.

पासपोर्टशिवाय तिला हद्दीपलीकडे नेणं शक्य नव्हतं. अलीकडच्या पेट्रोल पंपावर तिला कॉफीच्या टेबलाशी बसवलं आणि एकटी पुढे गेले. तिला ना डच येत, ना धड इंग्रजी, त्यात कान अधू. हद्दीवर रांग लागली होती. मी स्टीअरिंगवर बोटं आपटत बसले. फोनवर ठरल्याप्रमाणे पलीकडच्या पहिल्या पार्किंगमध्ये शेजारी थांबला होता. फुलं सुकायची भीती असूनही थांबला होता. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी दिली, आईनं त्याला दिली असेल तशी.

परत आले तर आई त्याच खुर्चीत होती, कॉफी तशीच. "पिशवी आतून उघडली नाहीस ना?"

"पासपोर्ट बाहेरच्याच कप्प्यात आहे."

"मग ठीक."

पुन्हा तीच रांग. पोलिसानं पासपोर्ट पाहिला, आईकडे पाहिलं, गाडी बाजूला घ्यायला लावली. अखेर सोडलं. पुढे चहा नाही की काही नाही. आई मला चालत्या गाडीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचे तुकडे भरवत होती आणि मी अजून रागातच चावत होते.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. नर्स म्हणाली, अगदी थोडा वेळ. ताई पलंगावर बसली होती. "कशाला आलात एवढ्या लांब?"

आईनं पिशवी उघडली. मला वाटलं होतं, आत तिची साडी असेल. निघाला ताईचा पिवळा कुडता, दिवाळीला माझ्याकडे विसरलेला. त्याच्या टोकाला सुपारी-तांदूळ बांधलेले.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"प्रस्थान. तुझं. उद्या अमावस्येला तू आत जाणार, म्हणून मंगळवारीच ठेवलं. माझ्या प्रवासाला काय धाड भरलीय?"

असल्या गोष्टींवर ताई आम्हाला कायम हसते. तिनं कुडता छातीशी धरला. "आई, मला फार भीती वाटतेय गं." इतक्या फोनांमध्ये ती हे एकदाही म्हणाली नव्हती. आई पलंगावर चढून तिच्याजवळ बसली.

नर्स आम्हाला बाहेर काढायला आली. मी दारात आडवी उभी राहिले.