लोणच्याची खोली आणि दादासाहेबांची बिअर

दादासाहेबांच्या घरी लग्न असो, बारसं असो, नाहीतर कोणाची तेरवी असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "कौसाबाई, ते बाटल्याचं सांगा नं!" एक किस्सा निघाला की त्याच्या मागून दुसरा. आणि गंमत म्हणजे जे तेव्हा जन्मलेही नव्हते ते मलाच दुरुस्त करतात! "नाई मावशी, शंभर बाटल्या फुटल्या व्हत्या!" अरे, काच मी झाडली का तू? केनवडच्या बाजारात तर मी असंही ऐकलं की दादासाहेबांनी बाटलीत भूत कोंडलं होतं.

म्हणून आता लिहूनच काढते. मी चौथी पास आहे. आमच्या गावात त्या वेळी तेवढी शिकलेली बाई मी एकटीच. दादासाहेब आता राहिले नाहीत, त्यामुळे शेवटचा किस्साही लिहायला हरकत नाही. कोणाला काही खुपलं तर त्यानं सरळ घरी यावं. मी घरीच असते.

*

मी दादासाहेबांच्या घरी स्वयंपाकाला होते. नवऱ्यानं टाकलेली, असं लोक म्हणायचे. मी म्हणते, मी त्याला टाकलं! घराच्या मागच्या अंगाला जाड मातीच्या भिंतींची एक खोली होती. वैशाखातही आत गेलं की अंगावर शहारा यायचा. ती लोणच्याची खोली. तिथं माझ्या अठरा बरण्या. आंब्याचं, लिंबाचं, भोकराचं. किल्ली माझ्या कमरेला. या जगात माझ्या हुकमाची तेवढीच जागा होती. मालकीणबाई, म्हणजे अक्कासाहेब, त्यांनाही फोड पाहिजे असली तर मला विचारावं लागायचं!

रेल्वेच्या कामावर एक गोरा इंजिनियर होता, त्याची न् दादासाहेबांची दोस्ती. तो विलायतेला परत जाताना यांना बिअर बनवायचं एक पुस्तक, बूच ठोकायचं मशीन आणि कसल्याशा कडू फुलांचा डबा देऊन गेला. झालं! दुसऱ्या दिवशी दादासाहेब माझ्यापुढे हात पसरून उभे.

"कौसाबाई, किल्ली दे."

"कायले?"

"बिअरले गार जागा लागते."

"अन् लोनच्याले काय चुलीत ठेवू?"

त्यांनी किल्ली काढून घेतलीच. मालक ते. मी उंबऱ्यात आडवी बसले. म्हटलं, किती दिवस ते सांगा, नाहीतर मला ओलांडून जा. बाईमाणसाला ओलांडायचं कसं? शेवटी म्हणाले, "एखादा गोरा साहेब माही बिअर पिऊन 'चांगली हाय' म्हनन, त्या दिवशी किल्ली तुही. शब्द देतो."

अठरा बरण्या माझ्या खाटेखाली आल्या. आणि त्या दिवसापासून, ज्या बाईनं दारूपायी नवरा सोडला ती बाई बिअर चांगली व्हावी म्हणून मारुतीला नवस बोलू लागली!

*

बाटल्या आणायचे वाशिमचे करीमचाचा. जुन्या बाटल्यांचा त्यांचा धंदा. तट्टावर दोन बाजूंना दोन पोती टाकून खळखळ करत यायचे. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. मी एकदा विचारलं, "चाचा, तुमी दारूच्या कामात कसे काय पडले?"

"बहन, मी बाटली धुतो. आत काय भरता ते तुमचं तुमी पाहून घ्या!"

बाटली धुणं सोपं नाही बरं. आधी राख, मग चिंचेचा कोळ, मग बारीक वाळू घालून हात गळेपर्यंत हलवायची, मग कढत पाणी. तरी बुडाशी काहीतरी चिकटलेलं असतंच, आणि तिथवर बोट पोचत नाही! एक पोतं आलं दवाखान्यातल्या बाटल्यांचं. मी एक बाटली नाकाला लावली आणि म्हटलं, "दादासाहेब, ह्या बाटल्यायचा वास जाऊन नाई राह्यला."

"काचेले कायचा वास? भर!"

भरली. पंधरा दिवसांनी दादासाहेबांनी चार दोस्त बोलावले. पहिला पेला झाला, वाहवा झाली. दुसऱ्या पेल्यावर एक जण गप्प झाला आणि उठला. मग दुसरा उठला. मग दोघं सोबतच उठले. घरातले सगळे लोटे शेताकडे गेले! दादासाहेब घाम पुसत बसून राहिले, मालकानं बैठक कशी मोडायची? शेवटी तेही धोतर सावरत पळाले.

एरंडेलाच्या बाटल्या होत्या त्या!

दुसऱ्या दिवशी दादासाहेब चाचांवर कडाडले. चाचा शांतपणे म्हणाले, "हुजूर, दवाखान्याची बाटली हाय. गुन येनारच!"

*

बूच ठोकायचं मशीन मीच दाबायची. दादासाहेब पुस्तक वाचून ऑर्डर सोडायचे. बूच आधी उकळायचं, मशीननं आत दाबायचं, वरून सुतळीनं बांधायचं. मी बैलाच्या दाव्याची गाठ मारायची. सुटली तर माझी खोली गेली ना!

एकदा ती गाठ दादासाहेबांना सुटेना. दात लावले, विळा लावला. "कौसाबाई, बाटली बांधली का चोर बांधला?" असं म्हणत त्यांनी बाटली मांडीत धरून सुतळी कापली. तसं ते बूच जे उडालं, ते समोरच्या भिंतीवर अक्कासाहेबांच्या वडलांच्या फोटोवर! काच खळ्ळकन खाली.

अक्कासाहेब पदर खोचून आल्या. "माह्या बापानं काय वाकडं केलं व्हतं तुमचं?"

दादासाहेब फोटोकडे पाहत म्हणाले, "ते जिते व्हते तवा माहा नेम कदी लागलाच नाई!"

*

आता बाटल्या फुटल्या त्याचं. शंभर नाही, एकवीस.

अक्कासाहेबांनी ओसरीवर पोथी लावली होती. दुपारची वेळ, पंधरा-वीस बायका, बुवा आणलेले मालेगावकडचे. प्रल्हादाची कथा रंगात आली होती. बुवा उठून उभे राहिले, डोळे गरगरा फिरवले, आणि हिरण्यकश्यपाच्या आवाजात ओरडले, "सांग कारट्या! या खांबात आहे का तुझा देव?"

धडाम!

मागच्या खोलीतून असा आवाज आला की बुवांच्या हातातल्या चिपळ्या गळल्या. बायका पाहतच राहिल्या. तेवढ्यात धाड, धाड, धाड! एकीमागून एक! सगळ्या बायकांनी खांबाला लोटांगण घातलं. मी मात्र ओळखलं. मी खोलीकडे पळाले. आत काचाच काचा, भिंती ओल्या, आणि फेस उंबऱ्याबाहेर आलेला. माझी महिनाभराची मेहनत मोरीकडे वाहून चालली होती. मी तिथंच बसून रडले. खोटं कशाला सांगू?

परत आले तर बुवा नाहीत. शोधले तर ज्वारीच्या कणगीमागे, पागोटं एकीकडे, बुवा एकीकडे. मी म्हटलं, "बुवा, या बाहीर. काई नाई झालं."

बुवा कणगीमागूनच म्हणाले, "माय, वीस वर्सं झाले सांगून राह्यलो. आज पह्यल्यांदाच आला!"

संध्याकाळी दादासाहेब माझ्यावर घसरले, मी काहीतरी चुकवलं म्हणून. मी काही ऐकून घेणारी नाही. भांडण जुंपलं तेव्हा अक्कासाहेब दारातून हळूच म्हणाल्या, "म्या गूळ टाकला व्हता."

"काय?"

"परतेक बाटलीत सुपारीएवढा. बूच लावाच्या आंधी."

"काहून?"

"काहून म्हंजे? पाहुन्यायले कडू पाजाचं? या घरातून आजवर कोनी कडू तोंडानं गेलं नाई!"

दादासाहेबांनी पुस्तक उघडून पाहिलं. त्यात सगळं लिहिलं होतं, गोड जास्त पडलं की बाटली फुटते हेही; फक्त अक्कासाहेबांबद्दल काही नव्हतं!

*

अक्कासाहेब तोवर माझ्या बाजूच्या होत्या. फुटक्या काचांनंतर तर मला वाटलं, आता किल्ली आलीच. पण मधे आली म्हैस!

बिअरसाठी जव भिजवून, मोड आणून, वाळवून शिजवायचे. पाणी गाळून घेतलं की खाली चोथा उरायचा. तो मी म्हशीला टाकला. आठ दिवसांत म्हशीचं दूध असं वाढलं की चरवी बदलावी लागली. अक्कासाहेब गोठ्यात उभ्या राहून साय पाहायच्या आणि नुसत्या हसायच्या.

"कौसा, ते बिअर बंद करू देजो नोको बरं."

"अक्का! तुमीच तं म्हनत व्हत्या, घर बाटलं म्हून!"

"बाटलं तं बाटलं. तूप पाह्य कसं पिवळं निंगालं!"

म्हैसही बिघडली. साधी सरकीची ढेप दिली की घमेलं शिंगानं उलटं करून बिअरच्या खोलीकडे तोंड करून हंबरायची. मी म्हटलं, आता या घरात मालक, मालकीण आणि म्हैस, तिघंही बिअरच्या बाजूचे. माझ्या बाजूला मी आणि मारुती!

*

विलायती फुलं त्या एकवीस बाटल्यांत संपली होती. दादासाहेबांनी मुंबईला पत्र टाकलं, पार्सल काही आलं नाही. मग त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. "कडूपनाच पाह्यजे ना? आपल्या दारात कडूनिंब हाय!"

कडूनिंबाची बिअर तयार झाली तेव्हा मी थेंबभर जिभेवर ठेवला. चुलीतली राख खाल्ली तेव्हा कुठं तोंड ताळ्यावर आलं. दादासाहेब करीमचाचांपुढे पेला धरून म्हणाले, "चाचा, पिऊ नोका, पन वास तं सांगा, कसा हाय?"

चाचांनी पेला तट्टाच्या नाकापुढे धरला. तट्टानं मान फिरवली आणि चार पावलं मागं सरकलं.

चाचा म्हणाले, "हुजूर, हा माह्यापेक्षा खरं बोलते!"

*

आणि अशातच रेल्वेच्या पुलाचं काम पाहायला एक म्हातारा गोरा साहेब आला. दादासाहेबांनी त्याला घरी बोलावलं. बिअर कोणती? तीच, कडूनिंबाची!

 असा साहेब वर्षा-दोन वर्षांतून एखादा यायचा. त्यानं तोंड वाकडं केलं की माझ्या बरण्या जन्मभर खाटेखाली. आणि ती पिऊन तोंड वाकडं न करणारा माणूस देवानं घडवलाच नव्हता.

त्या दिवशी चाचा बाटल्या टाकायला आले होते. मी साहेबाचं विचारलं. चाचा म्हणाले, "त्याले मराठी येते, बहन. वाशिमच्या बाजारात त्यानं दुकानाची पाटी मोठ्यानं वाचली, अन् रंगाऱ्याची चुकी काढली!"

 माझे हात चालू लागले.

दादासाहेबांनी मला लेबल लिहायला सांगितलंच होतं. मी कागद कापला, पुढून शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दादासाहेबांची बिअर'. मागून पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या. सगळ्या बाटल्यांत पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेची एकच होती, तिच्यावर ते लेबल डिंकानं नुसतं कडाकडांनी चिकटवलं. आत गढूळ काळपट बिअर, मागचं काही दिसत नव्हतं. दादासाहेबांना म्हटलं, "साहेबाले पांढऱ्या काचेची द्या. रंग दिसते."

"शानी झाली तू!" ते म्हणाले.

साहेब ओसरीवर टेबलाशी बसला. मी दारात उभी, हात कमरेवर, जिथं किल्ली नव्हती तिथं. दादासाहेबांचं इंग्रजी सुरू, "ड्रिंक सर! व्हेरी गुड सर!" साहेबानं पहिला घोट घेतला. त्याच्या मिशा थरथरल्या. डोळ्यांत पाणी आलं. पेला त्यानं खाली ठेवला, रिकामा केला नाही. माझं सगळं संपलं असं मला वाटलं.

दादासाहेबांनी पुढं होऊन पेला काठोकाठ भरला. बाटलीतली बिअर खाली गेली. साहेबाची नजर बाटलीवर गेली. त्यानं ती जवळ ओढली, डोळ्यांपुढे धरली. रिकाम्या झालेल्या काचेतून पलीकडच्या लेबलाच्या पाठीवरची पहिली ओळ उघडी पडली होती.

'साहेब, ही कडू आहे हे मला माहीत आहे.'

त्यानं बाटली हलवून पाहिली. पुढच्या ओळी बिअरखाली होत्या. पेला तर भरलेला! साहेबानं एकदा दादासाहेबांकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि पेला घटाघटा पिऊन टाकला. मग आपल्या हातानं दुसरा ओतला.

'तरी चांगली आहे म्हणा.'

दुसराही प्याला. दादासाहेब हरखून खुर्चीच्या टोकावर आले. साहेबानं तिसरा ओतला, बाटली पार उपडी करून.

'म्हणजे माझी लोणच्याची खोली मला परत मिळेल.
कौसल्या, चौथी पास.'

साहेबानं मान वर केली. ओसरीवरून दारापर्यंत पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मग तो तिसरा पेला उचलून, शेवटच्या थेंबापर्यंत संपवून, शब्द नीट जुळवत मराठीत म्हणाला, "दादासाहेब, चांगली आहे."

दादासाहेबांनी तिथल्या तिथं जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. डोळे भरून आले होते त्यांचे. साहेब उठला, रिकामी बाटली कोटाच्या खिशात घातली, मला मान लववली, आणि गेला.

दादासाहेब मरेपर्यंत येईल त्याला सांगायचे, "अरे, अशी आवडली बाप्पा त्याले, रिकामी बाटलीबी मांगं ठेवाचं मन झालं नाई!"