सीडीतले मामंजी

तळवड्यात होती एक सरूबाई, मारुंजीत होती तिची नणंद, आणि दोघींच्या मधोमध होती एक सीडी. त्यातली सरूबाई म्हणजे मीच. नाव लपवून सांगितलं असतं, पण माझा पराक्रम घरच्यांनी गावभर केलाच आहे. मग आता लाज कशाला?

तर त्या सीडीत माझे सासरे होते.

हसू नका! खरंच होते. मी लग्न होऊन यायच्या आधी आमच्या नदीकाठी एका पिक्चरचं शूटिंग झालं. त्यांना बैलगाडी हवी होती, ती मामंजींची घेतली. बैल परक्या माणसाला जवळ येऊ देईनात, म्हणून हाकायलाही मामंजीच बसले. एवढीच त्यांची कामगिरी. पण त्या माणसाचा घरात एक फोटो नाही. हार घालायलासुद्धा नाही. काय असतील ते त्या पिक्चरात.

आमच्या मालकांचं कोपऱ्यावर सीडीचं दुकान होतं. कंपनीतली पोरं सुट्टीच्या दिवशी नवे पिक्चर न्यायची, म्हातारी माणसं जुने. मग घरोघरी फोन आले आणि गिऱ्हाईक गेलं. मालकांनी दुकान आवरलं, एवढी एक सीडी घरी आणली. अजून एक असावी म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अहो, नव्या पिक्चरच्या सीड्या निघत नाहीत, तुमच्या काळ्यापांढऱ्याची कोण काढतंय?" सुनीलनं, माझ्या लेकानं, फोनात शोधलं. त्यातली दोन गाणी सापडली. मामंजी गाण्यात नव्हते.

मालकांनी ती सीडी माझ्या हवाली केली. सांगितलं, "सरू, मशीनमध्ये घालताना चित्र वर, चकाकी खाली. आणि चकाकीला बोट लावायचं नाही." मला अक्षर येत नाही, पण सांगितलेलं विसरत नाही. मालक जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी सीडी कुणाच्या हातात दिली नाही. पाटावर ठेवून दर दसऱ्याला पूजा केली आणि परत डबीत घातली. लावून मात्र कुणी पाहिली नाही.

आणि यंदा दिवाळीच्या आधी वन्सं आल्या. हिंजवडीच्या गर्दीत दोन तास अडकून आल्या, तरी चहाला थांबेनात.

"सरू, आधी आबांना लाव."

"अहो वन्सं, पाणी तरी घ्या!"

"न्हाई. मला त्यांचं तोंड आठवंना झालंय गं. परवा नातू म्हणला, तुझा बा कसा दिसायचा? मला सांगताच येईना."

सुनीलनं माळ्यावरून प्लेअर काढला, टीव्हीला जोडला. सीडी घालायला हात पुढं केला, तशी मी ओरडले, "हात लावू नकोस! मी घालते." चित्र वर, चकाकी खाली. मशीन घरघरलं आणि थांबलं.

"आई, सीडीच नाही म्हणतंय."

"डोळे फुटले का त्याचे? पोटात घातलीय की!"

चार वेळा घातली, चार वेळा तेच. मी म्हटलं, मशीन म्हातारं झालं. शेजारच्या मंदाच्या पलंगाखाली एक प्लेअर होता, तो आणला. माझ्याच हातानं सीडी घातली. तोही दोनदा कण्हला आणि गप्प झाला.

"मंदे, नीट ठेवला नव्हतास वाटतं?"

"वा गं काकू! सकाळी पोरांची गाणी लावली होती त्याच्यावर!"

वन्सं पदर तोंडाला लावून बसलेल्या. म्हणाल्या, "माझा बाप तुमच्याच घरात हरवला म्हणायचा."

ते मला लागलं. मी सुनीलला चिंचवडला पिटाळलं. तिथले सलीमभाई मालकांच्या दुकानातली मशीनं दुरुस्त करायचे. जुन्या ओळखीला जागून ते स्वतःचा प्लेअर काखेत मारून आले.

"मावशी, सीडी द्या इकडं. बघतो."

"तुम्ही बसा हो! मी घालते."

घातली. आणि सलीमभाईंचाही प्लेअर गेला!

त्यांनी स्क्रू काढले, झाकण उचललं. आत डोकावले. मग माझ्याकडं बघितलं.

"मावशी, आत हळदीकुंकू झालं काय?"

आत सगळं लाल! मशीनचा डोळा असतो म्हणे एक काचेचा, त्यावर कुंकू. चाकावर हळद. कोपऱ्यात दोन अक्षता. सुनीलनं सीडी काढून उलटी केली. चकाकी कुठली दिसते? सहा दसऱ्यांचं कुंकू थरावर थर बसलेलं.

"आई! ह्या बाजूला?"

"मग? वरच्या बाजूला चित्र आहे, ते झाकलं नसतं का? आणि ह्या बाजूला आपलं तोंड दिसतं. मला वाटलं, हेच तिचं तोंड."

"अगं, पण बाबांनी बोट लावू नको म्हणून बजावलं होतं ना?"

"बोट कुठं लावलं? फुलाच्या देठानं लावलं!"

मंदा हसून भुईवर बसली. वन्सं मात्र हसल्या नाहीत. "सरू, गेलं का गं सगळं?" एवढंच म्हणाल्या. जगात दुसरी सीडी मिळायची नाही, आणि होती ती मी भक्तिभावानं बुजवली होती.

मी उठले. राख आणि काथ्या घेऊन आले. सलीमभाई ताडकन उभे राहिले. "मावशी, तुम्ही फक्त लांब बसा. माझ्यासाठी."

त्यांनी साबणाच्या पाण्यात सीडी बुडवली, मऊ फडक्यानं मधून कडेकडं हलक्या हातानं पुसली. परत बुडवली, परत पुसली. मग प्लेअरचा डोळा साफ केला. पिवळा डाग काही गेला नाही, पण मशीन फिरलं. नदी आली. धूळ आली. गाडी आली.

गाडीवर मामंजी! शूटिंगवाल्यांनी बजावलं असणार, इकडं बघू नका म्हणून. पण ते सरळ आमच्याकडं बघून हसले आणि गेले.

"आबा!" वन्सं म्हणाल्या. मग नाकाला हात लावला. "नाक माझंच की गं."

ती गाडी आम्ही अकरा वेळा मागं नेली. सलीमभाईंनी तेवढ्या तुकड्याची नक्कल काढून सुनीलला दिली, सुनीलनं ती सगळ्या भाऊबंदांना पाठवली. आता मामंजी प्रत्येकाच्या फोनात आहेत, वन्संचा नातू पणजोबांना रोज बघतो. भिंतीवर फोटोही लागला, हसरा. घराला एवढं सुख एका साबणाच्या पाण्यानं दिलं.

फक्त एक झालं. पाडव्याला मी कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आले, तर वन्संसकट सगळ्यांनी आपापले फोन आधी खिशात, पदरात दडवले!