बर्फीचं अभ्यंगस्नान

आजवर मी नऊ बाळं न्हाऊ घातली आणि एक कुत्री. लोक विचारतात ते फक्त कुत्रीबद्दल.

तेव्हा मी अवघी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अल्लडच! सूनबाईला, अनघाला, सातवा महिना. बाळाला न्हाऊ घालायचा मान मलाच मिळावा म्हणून माझा जीव टांगणीला. अशात ती डोहाळजेवणाला खडकीला, माहेरी निघाली आणि आपली शिह त्झू (हे नाव घेताना मला शिंकच येते!) जातीची कुत्री माझ्या हवाली करून गेली. नाव बर्फी. पायघोळ पांढरे केस, चपटं नाक आणि चेहऱ्यावर 'आपलं काय काम?' असा अस्सल नारायण पेठी भाव.

"आई, केस रोज विंचरा फक्त. आंघोळ मी आल्यावर घालीन."

फक्त? मी मनात म्हटलं, हीच माझी परीक्षा!

बर्फीला पायांवर पालथं घातलं, तेल चोळलं, वर दुधात कालवलेलं डाळीचं पीठ. या जातीला लाड इतके प्रिय, की ती चक्क घोरू लागली. मी फुशारले. मग कढत पाणी ओतलं आणि केसांत पिठाच्या गुठळ्या झाल्या. अंगभर भजी!

आमचे 'हे' पेपरामागून म्हणाले, "तळणार कधी?"

"अहो, थट्टा पुरे! कंगवा द्या."

"तो तिच्यातच अडकलाय."

मग मी कात्री घेतली. एक गुठळी कापली, तिथे खळगा पडला. तो लपवायला शेजारचे केस कापले. मग दोन्ही बाजू जुळेनात.

"अहो, सारखं दिसतंय का?"

"डावीकडून कुत्रा, उजवीकडून उंदीर."

अखेर दोन्हीकडून उंदीर झाला. थंडी वाजेल म्हणून वर बाळासाठी विणलेलं झबलं चढवलं!

अनघा आली. माझ्या मांडीवरचं झबलं शेपूट हलवू लागलं.

"आई... हे काय आहे?"

"अगं, बर्फीच! अगदी बाळासारखं केलं हो तिचं!"

अनघा पोटावर हात ठेवून मागे सरकली.

पुढे नात झाली. न्हाणीघराला आतून कडी, बाहेर टॉवेल धरून मी. "आई, काय सांगायचं ते तिथूनच सांगा!"

बर्फी मात्र तेलाची वाटी दिसली की धावत येऊन माझ्या पायांवर पालथी पडायची. घरात माझ्यावर विश्वास उरलेला तो एकच जीव, आणि त्याला अजून धड केसही आले नव्हते!