शेततळ्यावरची घंटी

मुलांनो, ज्यांना तुम्ही सायकलआजोबा म्हणता ते आमचे शेजारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, हे सबंध चिखली तालुक्यात गुडघा मोडल्यावर जलक्रीडेकडे वळलेले एकमेव गृहस्थ आहेत.

त्यांची थोरली बहीण अमडापूरला असते. तिच्या लग्नापासून मास्तर तिच्याकडे सायकलनेच जातात. एसटीने आलेला भाऊ त्यांच्या मते पाहुणा असतो. गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली की अक्का चहाचं आधण ठेवते. यंदा पावसाळ्यात तिकडून परतताना ते एका बकरीला वाट देऊन स्वतः नाल्यात गेले. बकरी चुकीच्या बाजूने येत होती, असं ते अजून सांगतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकल्यावर डॉक्टर म्हणाले, सायकल बंद, पण पाय पाण्यात हलवत राहा. डॉक्टरांच्या मनात बादली असावी. मास्तरांनी पुतण्याचं शेततळं निवडलं.

हे तळं आपल्या घरामागच्या वावरातच आहे. आत प्लास्टिक अंथरलेलं असल्यामुळे घसरलेला माणूस आपणहून वर येत नाही. म्हणून पुतण्याने दोराचं एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसरं काकांच्या कमरेला. मास्तर ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसून पाय मारत फिरू लागले. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि सायकलची काढून आणलेली घंटी ट्यूबला सुतळीने बांधलेली. वळण आलं की ती वाजायची. तळं चौकोनी असल्यामुळे वळणं फार येत.

"काका, इथं कोणाले साइड मागून राह्यले?" पुतण्याने विचारलं.

"बकऱ्याईचा भरवसा नाही बे," मास्तर म्हणाले.

मी एकदा काठावरून विचारलं, "भाऊजी, एवढा खटाटोप कशासाठी?"

"वहिनी, भाऊबीजेले अक्काकडे जायचं हाये. सायकलनं." एवढं बोलताना मात्र त्यांनी पाय मारणं थांबवलं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी घंटी परत सायकलला लावली, नवा शर्ट घातला आणि आमच्या फाटकासमोर पायडलवर पाय ठेवला. गुडघा अर्ध्यावरच अडला. दुसऱ्यांदाही तिथेच अडला. त्यांनी सायकल स्वतःच्या घराच्या भिंतीला टेकवली, घंटी सोडवली आणि नव्या शर्टासकट तळ्याकडे चालू लागले. एसटीचं नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही. पुतण्याने गुपचूप अमडापूरला फोन केला.

दुपारी पिशवीत ताट घेऊन अक्काच आली. मास्तर तळ्याच्या मधोमध होते. तिला पाहून त्यांनी घंटी वाजवली, नेहमीपेक्षा जरा हळू. अक्काने काठावर ताट काढून दिवा लावला.

"इकडे ये बे! दिवा विझून राह्यला!"

पुतण्याने दोर ओढून काकांना काठाशी आणलं. अक्काने त्यांना ट्यूबमध्येच ओवाळलं. मी पदराने वारा अडवून धरला होता.

"पाय वाकते का?"

"पाण्यात वाकते."

अक्काने त्यांची टोपी सरळ केली. "मंग मीच येत जाईन. तू घंटी वाजवत जा."

सायकल अजून त्यांच्या भिंतीला टेकून आहे. मास्तर ती रोज पुसतात. घंटी तळ्यावरच असते. संध्याकाळी वारा इकडचा असला की ती मला स्वयंपाकघरात ऐकू येते, आणि कोणी यायचं नसतं तरी मी चहाचं आधण ठेवते.