हिरव्या स्टिकरचे कॉम्प्युटर

हॉस्पिटलात तिला सगळे स्कॅनरताई म्हणत. कॉम्प्युटरचं पोट उघडून कुठली चिप बिघडलीय, कुठून चोर शिरेल, हे हुडकणं तिचं काम. तपासून झालं की हिरवं स्टिकर. ते दिसलं की साहेब डोळे मिटून सही करायचे. आणि नेमकं इथंच घोडं पेंड खायला बसलं होतं!

कालपासून एकेक कॉम्प्युटर मान टाकत होता. रीस्टार्ट केला की गेलाच कामातून. साहेब फोनवर पुरवठादाराची खरडपट्टी काढत होते. ताई बंद पडलेले कॉम्प्युटर बघत फिरली. प्रत्येकावर हिरवं स्टिकर. बिनस्टिकरचे मात्र ठणठणीत!

तिनं खिशातला पेनड्राइव्ह काढला. तपासणीचा प्रोग्राम त्यातच. बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून त्याला एक बारीक कळ होती, ती दोन महिन्यांपूर्वी तुटली. नवा मागवायचा तर अर्ज करा, सह्या घ्या, कोण करणार एवढी यातायात? ताईसाहेबांनी चिकटपट्टी लावून भागवलं. कुठल्याशा रोगट कॉम्प्युटरमधून व्हायरस त्यात शिरला, आणि तिनं स्वतःच्या हातानं तो दारोदार पोचवला.

मग तिला आयसीयू आठवलं. आज सकाळीच, तपासणीची पाळी नसताना, तिनं तिथला कॉम्प्युटर तपासला होता. आठही खाटांवरच्या पेशंटचे ठोके त्या एका पडद्यावर दिसायचे. त्यातली एक तिची आई. तो कॉम्प्युटर रोज दुपारी बाराला आपोआप रीस्टार्ट व्हायचा. बाराला सहा मिनिटं होती.

ती धावत साहेबांकडे गेली. "साहेब, पासवर्ड द्या! आयसीयूचं रीस्टार्ट थांबवायचंय."

"त्याला तुमचं स्टिकर आहे ना? मग कशाला घाबरताय?"

"स्टिकर गेलं खड्ड्यात! अहो, मीच घातलाय रोग सगळ्यांत. माझ्या पेनड्राइव्हनं."

साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. मग प्रश्न सुरू झाले. कधी, कसा, आधी का नाही सांगितलंत? तिनं हात जोडले, रडली, अक्षरशः पाय धरले. पासवर्ड मिळेपर्यंत बारा वाजून गेले होते.

आयसीयूतला पडदा काळा पडला होता. सिस्टर खाटाखाटांकडे पळत होत्या. साहेबांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि रखवालदारानं तिला दाराबाहेर केलं. काचेतून तिला आईची खाट दिसत होती. एक सिस्टर आईचं मनगट धरून बोटं जरा वर, जरा खाली सरकवून पुन्हा पुन्हा नाडी शोधत होती.