घरी चाललेला सीझन

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा त्या वर्षीचा सीझन एकूण दोन मॅचचा झाला. आमच्या घरी मात्र तो भातकापणी उरकेपर्यंत चालला.

दोन्ही मॅच आम्ही हरलो. पहिली सात-शून्य, दुसरी पाच-शून्य. (सुधारणा आहे, असं आमचा कॅप्टन विशाल म्हणाला. तो वाढवणचा, मच्छीमाराचा पोरगा. जाळं रिकामं आलं तरी उद्याचं बोलायची त्यांच्या घरची सवय.) गोलकीपर मी होतो. टीममध्ये सगळ्यात उंच मीच, आणि धावायला लावलं की मला धाप लागायची, म्हणून गोलात उभा केला. उंच माणसाच्या पायांमधून बॉल जायलाही जागा जास्त असते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली मॅच हरून मी डहाणूहून एसटीने उधव्याला घरी आलो. ओटीवर बाजेवर बाबा पडला होता. पोटाच्या दुखण्याने त्याची नुसती हाडं राहिली होती. सिल्वासाच्या डॉक्टरांनी, "घरी न्या, मागतील ते खायला द्या," असं सांगून परत पाठवलं होतं. पंचाईत अशी, की बाबा काहीच मागत नव्हता.

"जिंकला का?" त्याने विचारलं.

त्याच्यामागे आई पेजेची वाटी घेऊन उभी होती. दोन दिवस ती वाटी भरलेलीच चुलीकडे परत जात होती. मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं.

"जिंकलो."

"किती?"

"सात."

"न त्यांचे?"

"एकपण नाय."

बाबा कोपरावर उठला. "आण ती पेज," आईला म्हणाला, आणि वाटी चाटूनपुसून रिकामी केली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी उपयोगी पडलो होतो, आणि तेही सात गोल खाऊन.

चुलीपाशी आईने मला धरलं. "खरं सांग."

"हरलो."

ती वाटी विसळत राहिली. मग म्हणाली, "पुढची कधी हाय?"

पुढची हरलो तेव्हा बाबाने सुक्या बोंबलाबरोबर अख्खी भाकर खाल्ली. त्यानंतर मी आईला सांगितलं, की आमच्या मॅच संपल्या, आम्ही बाहेर गेलो.

"तुम्ही गेला बाहेर," आई म्हणाली. "बाबाला कशाला बाहेर काढतोस?"

तेव्हापासून आमच्या टीमचं टाइमटेबल आईने हातात घेतलं. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाबाचं पोट कळत होतं. "मंगळवारी मॅच ठेव, रविवारपासून जेवला नाय," असं ती मला सांगायची. मंगळवारी मी बूट खांद्याला अडकवून निघायचो, डहाणूला किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली दिवसभर बसायचो आणि येताना नाल्यात उतरून जर्सीला चिखल फासायचो. एकदा चिखल विसरलो.

"गोलवाला इतका साफ?" बाबाने विचारलं.

"बॉल माझ्यापर्यंत आलाच नाय."

बाबाने हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. अख्ख्या पाड्यात माझा दरारा वाढला. लहान पोरं माझ्या मागून हात पसरून चालायला लागली.

हळूहळू हरवायला कॉलेजं उरेनात. बोईसर, पालघर, वसई, विरार सगळी झाली. एका संध्याकाळी आईनेच उत्साहाच्या भरात नाशिकची टीम हरवून टाकली, ते मला निस्तरावं लागलं. बाबा प्रत्येक मॅच खोदून खोदून विचारायचा.

"त्यांचा गोलवाला कसा होता?"

"माझ्यासारखाच."

"मग तुम्हाला जड गेलं असंल," तो म्हणाला. मी उठून घरामागे गेलो आणि रडलो. खोटं बोलल्याचं इतकं वाईट वाटलं नाही, त्याने ते इतक्या मनापासून मानलं त्याचं वाटलं.

त्यातच भात पिकलं. दर वर्षी कापणी बाबा करायचा. विळा अगदी जमिनीला टेकवून कापायचा, त्याच्या शेतात अनवाणी पळालं तरी काही टोचायचं नाही. या वर्षी विळा माझ्याकडे आला. पण मॅचच्या दिवशी मी शेतात दिसून चालणार नव्हतं, कोणीतरी जाऊन सांगितलं असतं. मग मधल्या दिवसांत मी अर्धवट वाकून, हाताला येईल तिथून भात छाटत सुटलो. धसकटं वीत वीत उरली. शेत घराच्या मागे होतं, बाजेवरून दिसत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

मग बाबा म्हणाला, "फायनल मी बघणार."

फायनल मी पुढे ढकलली. आधी पावसाचं कारण, मग परीक्षेचं, मग ग्राउंड ओलं. आई म्हणाली, "घेऊच नको फायनल. त्याच्यासाठी थांबलाय तो." आम्ही दोघं चुलीतल्या जाळाकडे बघत बसलो. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं, आणि मलाही तेच हवं होतं. पण मॅचच नाही म्हटल्यावर बाबाची पेज पुन्हा परत जायला लागली. तीन दिवस त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. शेवटी मी विशालला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "टीम तशी पण रिकामीच बसलीय."

अशी आमची फायनल आमच्याच कापलेल्या शेतात ठरली.

"फायनल आपल्या शेतात?" बाबाला नवल वाटलं.

"इतक्या मॅच जिंकलो, म्हणून जागा ठरवायचा मान आम्हाला."

बाबाने मान हलवली. मानाची गोष्ट त्याला लगेच पटली.

अर्धी टीम आमची. उरलेली अर्धी, जर्सी उलटी घालून, मुंबईचं कॉलेज झाली, आणि विशाल तिचा कॅप्टन. गोलाला त्याने घरचं जुनं जाळं लावलं. त्याला मासळीचा असा वास होता, की पाड्यावरची सगळी कुत्री माझ्या पाठीमागे येऊन बसली. शिट्टी रिटायर झालेल्या गुरुजींकडे दिली. त्यांना बेत सांगितला तर म्हणाले, "शिट्टी वाजवीन. खोटं बोलणार नाय." चौघांनी बाबाची बाज उचलून बांधावर आणली. डोक्याला टॉवेल गुंडाळून तो उशीला टेकून बसला. मागे सगळा पाडा.

ठरलं होतं असं, की मुंबईवाल्यांनी आम्हाला दोन गोल मारू द्यायचे. त्यांचा गोलकीपर बिचारा बुटाची नाडी बांधायला चार वेळा बाजूला गेला, तरी आमच्यातल्या एकालाही मोकळ्या गोलात बॉल घालता आला नाही. शून्य-शून्य. गुरुजींनी एकेक पेनल्टी दिली. आमची बांधावरून उडाली आणि नाल्यात पडली. बॉल धुऊन आणला.

आता विशालची. तो मला डोळ्याने खूण करत आला आणि त्याने बॉल हळूच ढकलला. इतका हळू, की वाटेत थांबतो की काय असं वाटलं. सरळ माझ्या हातात येत होता. मी वाकलो. बॉल एका धसकटावर आपटला, उडाला, आणि माझ्या दोन्ही पायांमधून आत निघाला. विशाल स्वतःच मारलेला बॉल अडवायला जीव खाऊन पळत आला, पण जाळ्यातल्या बॉलपाशी त्याच्या आधी कुत्री पोचली.

मी गुरुजींकडे बघून दोन्ही हात जोडले. त्यांनी एकदा बाजेकडे बघितलं.

"गोल," ते म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.

बाबाने मला बोटाने बोलावलं. जवळ गेलो तर तो पोट दाबून हसत होता. दुखण्यात पडल्यापासून पहिल्यांदा. "हसवू नको रं, दुखतं," म्हणाला. मग डोळे पुसून शेताकडे बघायला लागला, आणि त्याचं हसू गेलं.

"कापणी कोणी केली?"

"मी."

"ही काय रीत झाली? धसकटं बघ केवढी. त्याच्यावरच उडाला बॉल."

"हो."

"गोलाचं जाऊ दे. पुढल्या साली भात खालून काप."

मग त्याने भाकर मागितली. दोन्ही टीम बांधावर बसून जेवल्या, आणि त्यांच्यात बसून बाबाने अर्धी भाकर खाल्ली. त्यानंतर त्याने मला एकाही मॅचबद्दल विचारलं नाही. त्याला काय कळलं आणि काय नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही. नवव्या दिवशी तो गेला. टीम आली होती, या वेळी सगळ्यांच्या जर्सी सुलट होत्या. खांदा द्यायला विशाल माझ्या पुढे होता.

बाबाने नुसत्या ऐकल्या त्या सगळ्या मॅच मी जिंकलो. डोळ्यांनी बघितली ती एकच, आणि ती मी आमच्याच टीमकडून हरलो.

त्याला आता काही वर्षं झाली. कापणी मला जमायला लागली आहे. विळा जमिनीला टेकवून, वाकून, पाठ मोडेपर्यंत कापतो. शेत रिकामं झालं की विशाल वाढवणहून बॉल घेऊन येतो आणि मला एक पेनल्टी मारतो. शेतात आता एकही धसकट राहिलेलं नसतं. बॉल तरीही पायांमधूनच जातो.