यादीतला खून

पन्नाशीत बायका देवधर्माला लागतात. मी टीव्हीवरच्या एका खाजगी गुप्तहेराला शिकवायला निघाले होते. आज नातवंडं मोबाइलवर काय वाटेल ते बघत बसतात आणि मी त्यांना एका शब्दानं बोलत नाही, त्याचं कारण हेच. मला बोलायला तोंड राहिलेलं नाही.

मालिका जेमतेम चार महिने चालली. गोष्ट एवढीच, की एका गावातल्या डॉक्टरांचा त्यांच्याच दवाखान्यात खून होतो आणि मुंबईहून आलेला गुप्तहेर खुनी शोधतो. हा गुप्तहेर भर उन्हाळ्यात लांब काळा कोट घालून फिरायचा. नांदेडच्या उन्हात डोक्यावर ओला पंचा घेऊन आम्ही त्याला बघायचो. आमच्या ह्यांचं मत पहिल्याच दिवशी ठरलं. "ज्याला ऊन कळत न्हाई त्याला खुनी काय कळणार?" शेजारच्या मास्तरीणबाईंना वेगळीच काळजी, हा माणूस जेवतो कधी. आठ भाग झाले तरी त्यानं कोणाच्या घरी साधे पोहे खाल्ले नव्हते, आणि आमच्याकडे चौकशीला आलेला माणूस काही खात नसेल तर त्याला कोणी काही सांगतही नाही.

माझं मत मात्र अभ्यासाचं होतं. निदान मी तसं समजत होते. मी दोनशे पानी वही घातली, चष्म्याचा नंबर वाढवून आणला आणि चॅनेलला तीन पत्रं लिहिली. पहिल्यात कळवलं, भिंग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे विचारा. दुसऱ्यात कळवलं, खुनी कंपाउंडर आहे, पुरावे सोबत जोडले आहेत. तिसऱ्यात, उत्तर का आलं नाही.

पुरावे असे होते. कंपाउंडर गोळ्या डाव्या हातानं मोजायचा. गुप्तहेर आला की न विचारता चहा आणायचा. आणि मालक जाऊन पुरते तीन भाग झाले नव्हते तर अंगात नवा सदरा. एवढ्यावर मी अख्खी गल्ली माझ्या बाजूला वळवली. एक बाई म्हणाली, कंपाउंडर गरीब वाटतो हो. तिला मी चैत्राच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

मग एका सोमवारी गुप्तहेराच्या वेळेला एक बाई वांग्याचं भरीत करायला लागली. मालिका बंद. खुनी कोण ते कोणीच सांगितलं नाही. मी ते भरीत शेवटपर्यंत बघितलं, त्यात काही खूण सापडते का म्हणून.

ह्याच दिवसांत लेकीची सोयरीक जुळत होती. ती लातूरला शाळेत शिकवायची, मुलगाही त्याच शाळेत. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मुलाच्या बहिणीचं लग्न आधी उरकायचं म्हणून आमच्या लेकीनं दोन वर्षं वाट पाहिली. आता फक्त यादी राहिली होती. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलमाणसं सतरंजीवर बसतात आणि लग्न कुठं, तिथी कोणती, कोणी कोणाला काय नेसवायचं हे सगळं एका कागदावर लिहून खाली सह्या करतात. त्या कागदावर सह्या झाल्या की लग्न पक्कं. त्याच्या आधी काहीच पक्कं नसतं.

सकाळी लेक मला म्हणाली, "आई, पाव्हण्यांसमोर टीव्हीचं काही काढू नको."

"मी काय येडी हाय का," मी म्हणाले. होते.

दुपारी लातूरकर जीप करून आले. पुरुष पुढच्या खोलीत यादीला बसले, नायगावहून आलेले आमचे ऐंशीला टेकलेले चुलतसासरे मधोमध. विहीणबाई माझ्याजवळ स्वयंपाकघरात. बाई मोठी गोड. दुसरा लाडू घेता घेता म्हणाल्या, "संध्याकाळी आता करमत न्हाई बघा. ते गुप्तहेराचं बंद पडलं."

मला वाटलं, देवानं माणूस पाठवलं. मी पाट ओढून जवळ सरकले.

"तुमचं मत कोणावर होतं हो?"

"त्यात काय मत. डॉक्टरची थोरली वहिनी. तोंडावरच दिसून राहिलं होतं."

आता मी चार दिरांची थोरली वहिनी. एकोणतीस वर्षं त्या चौघांचे रुसवे काढलेली. मी म्हणाले, "वहिनी कशाला मारील? खुनी कंपाउंडर हाय. ती जातच तसली, गोड बोलून सुई टोचायची."

विहीणबाईंनी उरलेला लाडू ताटलीत ठेवला. "माझा सख्खा भाऊ तीस वर्षं कंपाउंडर हाय. किनवटकडच्या जंगलात पायी जाऊन सुया टोचल्या त्यानं."

इथं शहाणी बाई गप्प बसली असती. मी वही आणायला उठले.

पुढच्या पाच मिनिटांत आम्ही काय काय बोललो ते लिहीत नाही, दोघींची नातवंडं एकच आहेत. आवाज पुढच्या खोलीत गेला. व्याही दारात आले, "काय झालं?"

"खुनाचा आळ घेऊन राहिल्या आमच्यावर," विहीणबाई म्हणाल्या.

यादी लिहिणाऱ्या आमच्या ह्यांचा पेन हवेतच राहिला. चुलतसासरे म्हणाले, "कुणाचा खून?"

"डॉक्टरांचा, मामंजी."

"आपल्याकडचे का लातूरकडचे?"

"टीव्हीतले."

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. पण मामंजी जन्मभर गावात पंच म्हणून बसलेले. वाद पुढ्यात आला आणि तो मिटवायचा नाही, हे त्यांना जमणारं नव्हतं.

"टीव्हीतला असला तरी माणूसच हाय," ते म्हणाले. "मी ते बघितलेलं न्हाई. म्हंजे मी कुणाच्याच बाजूचा न्हाई. सांगा."

आम्ही दोघी विहिणी चौकटीत उभ्या राहून साक्ष देऊ लागलो. मी वहीतून वाचून दाखवलं. मामंजींनी डोळे मिटून ऐकलं.

"हा कंपाउंडर गाव कुठला?"

"ते नाही दाखवलं."

"आडनाव?"

"नाही."

"पाव्हणेरावळे?"

"एकपण नाही आला."

"गाव न्हाई, आडनाव न्हाई, सोयरे न्हाईत. सूनबाई, असल्या माणसाला आपण पोरगी बी देत न्हाई अन् फाशी बी देत न्हाई." मग विहीणबाईंकडे वळून, "त्या वहिनीला लेकरं किती?"

"एक मुलगी. लग्नाची."

"मग ती काय खून करती? तिला पोरगी उजवायचीय."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

"पण मामंजी, डावा हात," मी म्हणाले.

व्याह्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. विहीणबाई म्हणाल्या, "कंपाउंडर निर्दोष हाय असं ह्या आपल्या तोंडानं म्हणत न्हाईत तवर आमच्याकडून सही न्हाई." ह्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा टक आवाज मला अजून ऐकू येतो.

लेकीनं मला मागच्या अंगणात हौदापाशी नेलं. रडली नाही, मला ते जास्त लागलं.

"तुला खरंच वाटतं, कंपाउंडर?"

"पुरावे हायेत माझ्याकडं."

"आई, आमच्या होस्टेलात टीव्ही नव्हता. मी त्या कंपाउंडरचं तोंड पण बघितलं न्हाई. अन् त्याच्यापायी तू माझं लग्न मोडून राहिलीस. मी आता दुसरं करणार न्हाई, एवढं ऐकून ठेव."

सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा नव्या सदऱ्याचा मुद्दा आला. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. ती ओढणीचं टोक पिळत होती आणि ते कोरडंच होतं. मी वही हौदाच्या कठड्यावर ठेवली आणि आत गेले.

"कंपाउंडर निर्दोष हाय," मी म्हणाले. आयुष्यात इतकं जड वाक्य मी पुन्हा बोलले नाही.

"अन् वहिनी?" आमचे हे म्हणाले. त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

विहीणबाईंनी पदर सावरला. "वहिनी बी."

"मग मारलं कुणी?" व्याह्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. एक चप्पल त्यांच्या पायात होती.

मामंजींनी निकाल दिला. "आजारी असतील. दवाखान्यातच मेले न्हवं का? लिहा."

आणि ह्यांनी लिहिलं. तो कागद अजून तसाच आहे. नवरदेवाच्या पोशाखाच्या ओळीखाली आणि मानाच्या पातळांच्या ओळीवर : 'मालिकेतील डॉक्टर आजाराने मरण पावले असे उभयपक्षी ठरले. लग्नानंतर हा विषय कोणी काढू नये.'

रीतीप्रमाणे यादी मोठ्यानं वाचून दाखवली. त्या ओळीवर सगळ्या पुरुषांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग मामंजींनी इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या नवरदेवाला विचारलं, "जावईबापू, तुमचं काय मत?"

विहीणबाई मध्येच बोलल्या, "तो काय सांगणार? शाळेतून आला की माझ्या शेजारी बसून बघायचा. त्याचं पहिल्यापासनं कंपाउंडरवरच होतं." आणि बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

माझ्या अंगात असा हुरूप आला की वही आणायला धावावं. मुलानं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या पाठीमागे, चौकटीत येऊन उभ्या राहिलेल्या आमच्या लेकीकडे.

"मी डॉक्टरांना नीट बघितलं होतं," तो म्हणाला. "रंग पिवळा पडला होता त्यांचा. कावीळ असावी."

इतकं धडधडीत खोटं इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी त्या सबंध मालिकेत पाहिला नव्हता. बायका यादीवर सही करत नाहीत. मी ह्यांच्या हातातून पेन घेतला, टोपण काढलं आणि सगळ्यांच्या आधी सही केली.